अर्धा गुण



या वेळी पाठ नाही, कृतिपत्रिकाही नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावाविषयी लिहितोय. डाव बरोबरीत सुटला. त्यानंतर एसटीत मी तिला एक प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. खरं तर त्या प्रश्नासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मी नांदेड शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवतो. बुद्धिबळ हे माझं काम नाही, नाद आहे. शाळेत खेळाचे शिक्षक एकच. कबड्डी, खो-खो, धावणं सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यामुळे "सर, ते बुद्धिबळाचं तेवढं तुम्हीच बघा" असं होत होत ते माझ्याकडे आलं. आमचं सामान म्हणाल तर गुंडाळून ठेवायचे चार प्लास्टिकचे पट. एका संचातला काळा घोडा हरवलाय, त्याच्या जागी शाईच्या बाटलीचं झाकण ठेवतो. घड्याळ नाही, मोबाईल मध्ये ठेवून त्यातलंच घड्याळ वापरतो.

२०२५ च्या जुलैपर्यंत या पटांवर मुलंच बसायची. मग नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिला विश्वचषक जिंकला. वय १९, अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पीसारखी मुरलेली खेळाडू. त्या विजयानं दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे मधल्या सुट्टीत सहा मुली उभ्या. त्यात सातवीतली ही एक. नाव देत नाही, तिला आवडायचं नाही. वडील मोंढ्यात मापाडी, मूळचे लोहा तालुक्यातले.

मी मुलांना काय शिकवत होतो ते आधी सांगून टाकतो. मी सापळे शिकवत होतो. माझ्याकडे डी.एड.च्या काळातली एक दोनशे पानी वही आहे. वसतिगृहात कुणाचं तरी पुस्तक आणून त्यातून उतरवलेल्या सुरुवाती त्यात आहेत, आणि सगळ्या आक्रमक. प्यादी द्या, घोडा द्या, राजावर तुटून पडा. तालुका पातळीवर याचा फार उपयोग होतो. समोरच्याला ती चाल माहीत नसते, पंधराव्या चालीला मात होते, टाळ्या पडतात. कोचिंग क्लासमधल्या 'ट्रिक्स'ना मी स्टाफरूममध्ये नावं ठेवतो आणि मधल्या सुट्टीत स्वतः तेच करतो, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

तर त्या वहीत एक सुरुवात आहे, इटालियन डावातला मोलर हल्ला. मोलर हे डेन्मार्कचे खेळाडू. यात पांढरा आधी एक प्यादं सोडतो, मग एक घोडा सोडतो आणि त्या बदल्यात मोहरी भराभर बाहेर काढतो. काळ्यानं नेमकी उत्तरं दिली तर काळ्याला धोका नाही. एक जरी ढिली चाल झाली तर राजाभोवती आग लागते. आमच्या मुलीनं ही सुरुवात अशी पाठ केली होती की पाढे म्हणावेत तशी चाली म्हणायची. जिल्ह्याला तिनं याच सुरुवातीवर दोन डाव काढले आणि तिची विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धा लातूरला होती.

पहाटेची एसटी धरून आम्ही दोघं आणि तिची मावशी निघालो. लातूरला उतरलो तेव्हा ती पहिल्यांदाच तिथं आली होती. रस्त्यानं दोन्ही बाजूंना मुलामुलींचे फोटो लावलेले फलक आणि त्यावर ७२० पैकी मिळालेले गुण. ती प्रत्येक फलक मोठ्यानं वाचत होती. शेवटी म्हणाली, "सर, इथं सगळ्यांचे मार्कच लिहिलेत." ज्या गावाच्या नावावर शिक्षणातला एक 'पॅटर्न'च आहे, तिथं दुसरं काय लिहिणार? मी हसण्यावारी नेलं.

पाच फेऱ्यांची स्विस लीग होती. चार फेऱ्यांनंतर तिचे तीन गुण. शेवटची फेरी जिंकली तर चार गुण आणि राज्य स्पर्धेसाठीच्या पाच मुलींमध्ये नक्की जागा. समोर लातूरचीच मुलगी होती, आठवीतली, रीतसर शिकवणी लावलेली. पांढरी मोहरी आमच्या मुलीकडे. पालक आणि शिक्षकांना आत सोडत नाहीत. पण पहिला पट दाराजवळच होता, म्हणून मला चौकटीत उभं राहून दिसत होतं.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गोष्ट म्हणून वाचावेत, अडत नाही.

आमच्या मुलीनं मोलर हल्लाच लावला. समोरचीला तो माहीत होता. तेराव्या चालीला काळ्यानं एच-प्यादं एक घर पुढे टाकायचं असतं, म्हणजे हल्ला थंड होतो. तिनं तिथं किल्लेकोट केला. वही सांगते की आता घोडा एच-७ वर मारायचा. आमच्या मुलीनं मारला. राजानं घोडा घेतला, वजीर एच-५ वर शह देत आला, मागून हत्ती एच-४ वर. आता वजिराची मात समोर दिसत होती. समोरचीनं एफ-प्यादं दोन घरं पुढे टाकून राजाला वाट करून दिली. वजिराचा एच-७ वर शह, राजा एफ-७ वर, आणि आमच्या मुलीनं हत्ती थेट एच-६ वर, प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवला. ते प्यादं हत्तीला मारू शकत नाही, कारण ते हललं की वजिराचा राजावर शह उघडतो. ही अठरावी चाल. माझी वही इथं संपते. पुढे मी त्या काळी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'आणि पांढऱ्याचा जोरदार हल्ला'.

म्हणजे इथून पुढे लेकरू एकटं होतं. समोरचीनंही पाणी दाखवलं. तिनं आपला हत्ती वजिरासमोर एच-८ वर आणून टाकला, तो घेण्यासाठी वजीर हलला आणि प्याद्यानं आमचा हत्ती मारला. पुढच्या दोन-तीन चालींत दुसराही हत्ती एका घोड्याच्या बदल्यात गेला. धुरळा बसल्यावर पटावर काय होतं? आमच्याकडे वजीर, उंट आणि प्यादी. तिच्याकडे वजीर, उंट, प्यादी आणि शिवाय एक अख्खा हत्ती. आमच्या मुलीनं वजीर एच-६ वर नेऊन शह दिला. राजा पुढे आला ई-५ वर. वजीर ई-३ वर, शह. आता तो राजा परत एफ-६ वर गेला नाही तर मागचा वजीर मारला जातो, म्हणून परत जावंच लागतं. वजीर पुन्हा एच-६. राजा पुन्हा ई-५. वजीर पुन्हा ई-३.

तिसऱ्या वेळी तिनं वजिराला हातच लावला नाही. आधी कागदावर चाल लिहिली, हात वर केला आणि पंचांना बोलावलं. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर असाच दावा करायचा असतो. हे मी तिला एकदाच, गडबडीत, सांगितलं होतं. बारा वर्षांची पोर पंचांना शांतपणे पटावरच्या चाली दाखवत होती. पंचांनी तपासलं, मान हलवली. अर्धा-अर्धा गुण.

साडेतीन गुणांवर बऱ्याच जणी अडकल्या. मग बुकोल्झ गुण मोजतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी किती गुण मिळवले त्याची बेरीज. त्यात आमची मुलगी सहावी आली. निवड पाच जणींची होती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. चाकूर गेलं, शिरूर ताजबंद गेलं. कुणी काही बोललं नव्हतं. अहमदपूरच्या स्टँडवर मी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, तिच्या हातात पुडी दिली आणि म्हणालो, "हल्ला तर चालूच होता की बाळा. जरा जोर लावला असतास तर जिंकता आलं नसतं का?"

ती म्हणाली, "सर, हत्ती कमी होता."

मी म्हणालो, "हो, पण त्यांचा राजा तर उघड्यावर होता ना."

ती काही बोलली नाही. माळेगाव गेलं, लोहा गेलं. नांदेडला उतरलो तेव्हा पुडी तशीच होती. ती तिनं मावशीच्या पिशवीत टाकली.

रात्री जेवण झाल्यावर मी तिचा नोंदीचा कागद घेऊन बसलो आणि मोबाईलवर स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनाला डाव दाखवला. शेवटच्या स्थितीत वजिराच्या शहापुढे त्यानं आकडा दाखवला, ०.००. मी मला सुचतील त्या दुसऱ्या चाली करून पाहिल्या. उंट खेळून पाहिला. वजिरांची अदलाबदल करून पाहिली. प्रत्येक वेळी आकडा काळ्याच्या बाजूनं धाडकन कोसळायचा. बरोबर होतं, अख्खा हत्ती कमी असताना एक चाल जरी शहाशिवायची केली तरी काळा सावरतो आणि डाव संपतो. तिनं धरलेली वाट ही पटावरची एकमेव वाट होती. ती वाट तिनं माझ्या वहीशिवाय, घड्याळात तीन मिनिटं उरलेली असताना शोधली होती. आणि मी, पंचवीस वर्षं गणित शिकवणारा माणूस, मोहरी न मोजताच तिला विचारलं होतं की जोर का लावला नाहीस.

गणितात मुलानं उत्तर बरोबर काढलं आणि आपण तपासताना चूक केली, तर आपण फुली खोडून बरोबरची खूण करतो. इथं कुठं करणार? दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर वर्गात फळ्यावर ती शेवटची स्थिती काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की काल सरांनी हिला चुकीचं बोललं. वर्गाला फार काही कळलं नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग सर, जिंकलं कोण?"

हाच प्रश्न तिच्या वडिलांनी आदल्या रात्री फोनवर विचारला होता.

"सर, एक सांगा. जिंकली का हारली?"

"बरोबरी झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धा गुण."

"मग नंबर लागला का?"

"नाही."

"मग हारलीच म्हणा की. मधलं काय असतंय?"

त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. दहावीला सवलतीचे गुण मिळणार का, हे ते मला आधीपासून विचारत होते. मापाड्याच्या कमाईत फाउंडेशनच्या क्लासची फी कशी बसवायची याचा हिशेब करणारा माणूस, त्याला अर्धा गुण कुठल्या खात्यात लिहायचा हे कळत नव्हतं. आणि बुद्धिबळाच्या जगालाही हे एकदम कळलं नव्हतं बरं का. १८६२ च्या लंडनच्या स्पर्धेत बरोबरी झाली की तोच डाव पुन्हा खेळावा लागे, कुणीतरी जिंकेपर्यंत. बरोबरीला अर्धा गुण देण्याची पद्धत १८६७ च्या डंडीच्या स्पर्धेत आली, ही स्कॉटलंडमधली. तेव्हा आमचे हे पालक फार तर दीडशे वर्षं मागे होते, आणि मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

त्या आठवड्यात मी बुद्धिबळाच्या मुलांना दोन गोष्टी दाखवल्या. तुम्हालाही वर्गात उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली, दिव्याचीच अंतिम फेरी. मुलांना वाटत होतं ती धडाधड जिंकली. प्रत्यक्षात हम्पीविरुद्ध ती चार डाव खेळली, त्यातले तीन बरोबरीत सुटले. पहिल्याच डावात तिला पांढऱ्या मोहऱ्यांनी वरचढ होण्याची संधी आली होती, ती निसटली आणि डाव बरोबरीत गेला. दुसरा बरोबरीत. मग जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. निकाल लागला तो २८ जुलैला, शेवटच्या डावात, काळ्या मोहऱ्यांनी. (लातूर-नांदेडच्या पालकांसाठी एक जादा माहिती, दिव्याचे आई-वडील दोघंही डॉक्टर आहेत.)

दुसरी गोष्ट जुनी, व्हिएन्नाची, १८७२ सालची. कार्ल हॅम्पे आणि फिलिप माइटनर यांचा डाव. इंग्रजीत त्याला 'अमर बरोबरी' अशा अर्थाचं नाव आहे. काळ्याकडून खेळणाऱ्या माइटनरनं आधी उंट दिला, मग चक्क वजीर दिला आणि पांढऱ्या राजाला त्याच्या घरातून ओढत आपल्या मोहऱ्यांच्या गर्दीत आणलं. राजा बिचारा पट चढत सहाव्या ओळीपर्यंत पोचला. तिथं काळ्याच्या उरलेल्या उंटानं शह, पुन्हा शह. राजानं तो उंट घेतला तर मात, दुसरीकडे पळाला तरी मात. तेव्हा गुमान तीच दोन घरं धरायची. १८ चालींत बरोबरी. आमची मुलं हा डाव तीन वेळा लावून बघितली, कारण वजीर दिलेला माणूस हरला नाही यावर त्यांचा विश्वासच बसेना. हे माइटनर पेशानं वकील. त्यांची मुलगी लिझे माइटनर, अणुविखंडन म्हणजे काय हे भाचा ऑटो फ्रिशबरोबर उलगडून सांगणारी शास्त्रज्ञ. त्या शोधाचं नोबेल मात्र एकट्या ऑटो हान यांना मिळालं. १०९ व्या मूलद्रव्याला आज लिझेचं नाव आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा डाव जरूर वापरावा.

आमच्या मुलीनं हे सगळं बघितलं, पण ती फारसं बोलली नाही. म्हणून रविवारी मी पट घेऊन तिच्या घरी गेलो.

वडील नुकतेच आंघोळ करून बसले होते. चहा आला. मी समजावून सांगायला सुरुवात केली, सतत शह, तीन वेळा तीच स्थिती, नियम. ते मान हलवत होते, पण माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग मुलीनंच पट पुढे ओढला. शेवटची स्थिती लावली आणि म्हणाली, "बाबा, हे बघा. तिच्याकडं हत्ती आहे, माझ्याकडं नाही. ती एक डाव मोकळी सुटली की मी मेले. म्हणून मी तिच्या राजाला बसूच देत नाही. इकडं गेला की इकडून, तिकडं गेला की तिकडून."

वडिलांनी राजा स्वतः उचलून इकडे-तिकडे ठेवून पाहिला. प्रत्येक वेळी तिनं वजीर आणून ठेवला. दोनदा, तीनदा, चारदा.

"म्हणजे ती वरचढ होती?"

"हो."

"पण तुला चितपट नाही करता आलं तिला."

"नाही."

"मग असं सांगा की सर!" ते माझ्याकडे वळले. "माळेगावच्या यात्रंत म्या बघितलंय. वजनानं दीडपट गडी, आन् खालचा त्याला पाठ लावू देत नाही. घटका झाली, दोन घटका झाल्या. शेवटी पंच सोडवतेत, दोघाचाबी हात वर करतेत. लोक इनाम कुणाला टाकतेत? खालच्याला."

मुलगी पटाकडे बघत हसत होती. एसटीनंतर पहिल्यांदाच.

मी चहा संपवला. निघताना वडील दारापर्यंत आले. "फाउंडेशनचं मातर जूनपासून लावणार हां सर. ते काही सुटायचं नाही." मी म्हणालो, लावा. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "शनिवारी दुपारी क्लास नसतोय म्हणे. तवा आली खेळायला तर चालतंय ना?"

सापळे शिकवणं मी पूर्ण बंद केलेलं नाही, खोटं कशाला सांगू? मुलांना त्यात मजा येते आणि मलाही. पण आता डाव लावला की आधी दोन्ही बाजूंची मोहरी मोजायला लावतो, आणि स्वतःही मोजतो.

परवा शनिवारी ती आली आणि माझी जुनी वही मागितली. मोलर हल्ल्याचं पान काढलं, कंपासपेटीतून निळा पेन काढला. एकोणिसाव्या चालीपासून पुढचं सगळं तिनं आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, पान पुरलं नाही म्हणून समासातही लिहिलं. मग माझ्या त्या मोठ्या अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "सर, हे 'पांढऱ्याचा जोरदार हल्ला' खोडू का?"

म्हटलं, खोड.